सामुदायिक रेडिओवर गावची बातमी: कुठवर सांगायची?

रेडिओवाली (सोमवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी एका संस्थेच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर, म्हणजे आसपासच्या लोकांसाठीच्या छोट्या एफएम केंद्रावर, मी काम करते. निवेदन, रेकॉर्डिंग, एडिटिंग सगळं मीच. वीज कडाडायला लागली की टॉवरची केबल काढून ठेवायचं कामही माझंच. गावाचं आणि केंद्राचं नाव देत नाहीये, कारण पुढे कळेल. शंभर वॅटचा ट्रान्समीटर, दहा-बारा किलोमीटरचा टापू. टेकडीपलीकडच्या वाड्यांना आम्ही ऐकू येत नाही. त्यांना यूट्यूबची लिंक पाठवतो आणि ते ती उघडत नाहीत.

आमचं सगळ्यात जास्त काय ऐकलं जातं, सांगा बघू? आरोग्याचा कार्यक्रम नाही, जुनी गाणी तर नाहीतच. सकाळी पावणेसहाला आम्ही पाणी सुटायच्या वेळा सांगतो, ते. पाणीपुरवठ्यातला एक कर्मचारी आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर प्रभागवार यादी टाकतो, मी ती वाचते. एक दिवस यादी आली नाही तर सहाच्या आत फोन खणखणायला लागतात.

तर झालं असं. एका प्रभागात बरेच दिवस गढूळ पाणी येत होतं. आमच्याकडे फोन आले म्हणून मी रेकॉर्डर घेऊन गेले. भाजी विकणाऱ्या एक मावशी आहेत, त्यांनी तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "आत्ता भरलाय. चहा होईस्तोवर थांब, मग खाली बघ." थांबले. चहा झाला. तांब्याच्या बुडाशी करंगळीच्या नखाएवढा थर. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लावलं. पाणीपुरवठा अभियंत्यांचंही लावलं, ते म्हणाले जलवाहिनी फुटली आहे, दुरुस्ती सुरू आहे. शेवटी मी दोन वाक्यं जोडली, की याच वाहिनीच्या दुरुस्तीचं काम गेल्या वर्षीही मंजूर झालं होतं, त्याचं काय झालं ते समजलं तर बरं होईल.

दुसऱ्या दिवशी आमच्या संस्थेच्या कार्यालयातून निरोप. "पाण्याच्या वेळा सांगा. मावशींचं बोलणंही एक वेळ चालेल. पण गेल्या वर्षीचं काढलंत म्हणजे ती बातमी झाली. आपल्या परवान्यात बातम्या बसत नाहीत." सोमवारचा तो कार्यक्रम तूर्त बंद.

म्हणून विचारतेय, ही रेघ नक्की कुठे आहे? कुणी केंद्र चालवलंय, कायद्याचं जाणतंय, किंवा नुसते ऐकणारे असाल तरी लिहा.

पेठेतला पुणेकर (सोमवार, रात्री ११.०२)

सामुदायिक रेडिओ अजून चालू आहे ही मोठीच बातमी आहे. तुम्हाला सांगायला बंदी, म्हणून मी सांगितली.

गंमत सोडा. विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर लागते एवढं माहीत होतं. पण पाण्याच्या वेळा वगैरे कुणी सांगत असेल असं डोक्यातही आलं नव्हतं. रुमाल टाकून ठेवतो.

वकीलकाका (मंगळवार, सकाळी ७.१५)

ताई, रेघ कागदावर स्पष्ट आहे. जमिनीवर नाही, आणि तुमची अडचण तिथेच आहे. जरा मुळापासून सांगतो.

९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात निकाल दिला. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. त्या खंडपीठावर आपले न्या. पी. बी. सावंत होते. खटला क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा, पण रेडिओची दारं त्यातून किलकिली झाली. तरी शैक्षणिक संस्थांना परवानगी मिळायला २००२ चा डिसेंबर उजाडला. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र २००४ मध्ये सुरू झालं, ते देशातलं पहिलं. स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना परवानगी मिळाली ती नोव्हेंबर २००६ च्या धोरणानंतर. त्याच धोरणात पाचर मारलेली होती: बातम्या आणि चालू घडामोडी नाहीत, राजकीय स्वरूपाचं काही नाही.

पुढे थोडी सूट मिळाली. आकाशवाणीची बातमी मूळ रूपात किंवा स्थानिक बोलीत भाषांतर करून लावता येते, भाषांतर नीट झालं की नाही ती जबाबदारी केंद्राची. आणि काही गोष्टी "बातमी नव्हेत" असं जाहीर केलं. वाहतूक, हवामान, सांस्कृतिक कार्यक्रम आणि सण, परीक्षा, निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी, स्थानिक खेळांचं धावतं वर्णन. शेवटचं तुमच्या कामाचं: वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याचे इशारे अशा नागरी सुविधांविषयीच्या जाहीर सूचना, स्थानिक प्रशासनाने दिलेल्या.

ते शेवटचे शब्द नीट वाचा. पाणी उद्या येणार नाही हे प्रशासनाने कळवलं, तुम्ही सांगितलं, ठीक. पाणी का आलं नाही हे तुम्ही शोधून सांगितलं, की रेघ ओलांडली असं कुणीही म्हणू शकतं. मावशींचा तांब्या मधल्या पट्ट्यात येतो. समाजाने स्वतःच्या प्रश्नांवर बोलावं यासाठीच तर हा रेडिओ आहे. निम्मा तरी मजकूर समाजाच्या सहभागातून तयार झाला पाहिजे असं धोरणच म्हणतं.

एक प्रश्न. कार्यक्रम बंद करायचा निर्णय कुणी घेतला? प्रत्येक केंद्राला सल्लागार आणि आशय समिती असावी लागते. २०२४ च्या सुधारित धोरणानुसार तिच्यात निम्म्या महिला हव्यात. निर्णय समितीचा आहे, की कार्यालयातून नुसता फोन आला?

रेडिओवाली (मंगळवार, सकाळी ९.३०)

फोन आला. समिती कागदावर आहे. महिलाही आहेत, त्यातली एक मीच.

जुना ट्रान्झिस्टर (मंगळवार, दुपारी १.२०)

मी आकाशवाणीत नोकरी करून निवृत्त झालो, वृत्त विभागात नव्हतो, पण शेजारच्या खोलीत होतो म्हणा.

आकाशवाणीची बातमी भाषांतर करून लावा, ही सूट वाचून मला हसू आवरेना. प्रादेशिक बातमीपत्र दहा मिनिटांचं. त्यात मुंबई आली, अधिवेशन आलं, हवामान आलं. जिल्ह्याला एक अंशकालीन वार्ताहर, तो बिचारा फोनवरून चार ओळी देणार. तुमच्या तालुक्याचं नाव त्यात कधी येतं? मंत्री आले तर, एसटी दरीत गेली तर, नाहीतर धरण भरलं तर. प्रभागातल्या गढूळ पाण्याची बातमी आकाशवाणीवर येईल आणि मग ती तुम्ही लावाल, याला किती जन्म लागतील?

२०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग हलवायचा घाट घातला होता ते आठवतंय का? लोकांनी आरडाओरडा केला म्हणून थांबलं. म्हणजे मोठी केंद्रं गावापासून लांब चाललीत आणि जवळच्या केंद्रांना तोंड उघडायची मुभा नाही.

सरकारला वाटणारी भीती मला कळते, पूर्वी तर सरकारी नोकर म्हणून आम्हीच ती बाळगत होतो. रेडिओ न शिकलेल्या माणसापर्यंतही पोचतो, एक अफवा गेली तर दंगल. पण आज चोवीस तास वाहिन्या कोकलताहेत, प्रत्येकाच्या खिशात व्हॉट्सॲप आहे. दंगल भडकवायची तर कुणी रांगेत उभं राहून शंभर वॅटचा परवाना कशाला काढेल?

सडेतोड (मंगळवार, दुपारी २.०५)

सगळे एका सुरात गाताहेत, म्हणून मी बेसूर लावतो.

बातम्यांना परवानगी मिळाली असं धरा. तालुक्यात सामुदायिक रेडिओ कुणाचा असतो? शिक्षणसंस्थेचा, ट्रस्टचा. संस्थेचे अध्यक्ष कोण? राजकीय पक्षाला परवाना मिळत नाही, बरोबर. पण अध्यक्षांना आमदारकीला उभं राहायला कुणाची ना आहे? मग सकाळी सहाला साहेबांचा वाढदिवस, सातला साहेबांचा सत्कार, आठला विरोधकांची अंडीपिल्ली. तालुक्याच्या वर्तमानपत्रांचं काय झालंय ते बघतोच की. वार्ताहराने बातमी आणायची आणि दिवाळीला जाहिरातीही त्यानेच आणायच्या. ज्याची जाहिरात त्याची बातमी.

रेडिओवालीताईंना बंद कुणी केलं? दिल्लीच्या मंत्रालयाने नोटीस पाठवली का? नाही. त्यांच्याच संस्थेने. परवान्याचं नाव पुढे केलं. उद्या नियम बदलला तर संस्था दुसरं कारण काढेल.

कुंदाचं फूल (मंगळवार, दुपारी २.३१)

सडेतोड +१. वाचतेय.

शिवारफेरी (मंगळवार, रात्री ८.५०)

आमच्याकडे दुष्काळी पट्ट्यात ही केंद्रं जरा वेगळी चालतात. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी ९०.४ वर २००८ पासून आहे. जतमध्ये जालिहाळला येरळा वाणी ९१.२ वर. सीमेवरची गावं, निम्मी मराठी, निम्मी कन्नड. मोठ्या वाहिनीला या लोकांशी त्यांच्या बोलीत बोलायला वेळ नसतो.

शेतकऱ्याला लागणारी बातमी फार साधी असते बघा. या आठवड्यात शेतीपंपाची वीज दिवसा की रात्री. टँकर कुठल्या वस्तीवर आधी. कालव्याचं आवर्तन कधी सुटणार. हे सगळं प्रशासनाने दिलेलं, म्हणजे चालतंय.

पण एक किस्सा सांगतो, केंद्राचं नाव नको. थेट प्रक्षेपणात डाळिंबाचे तज्ज्ञ बसलेले. फोन आला, झाडाला पाणी किती द्यावं. तज्ज्ञांनी ठिबक, लिटर, तास असं सगळं समजावलं. पलीकडून आवाज, "ते कळलं सायेब, पण आमची डीपी जळून पंधरवडा झाला. हे पानी वडायचं कशानं?" तज्ज्ञ गप्प. निवेदक गप्प. मग निवेदक म्हणाला, "दादा, गावाचं नाव परत एकदा सांगा." त्यांनी सांगितलं. वाडीचं, डीपीचं, लाइनमनचं, सगळं सांगितलं. आठवड्याच्या आत नवा ट्रान्सफॉर्मर बसला.

ती बातमी होती का? निवेदकाने एक शब्द स्वतःचा बोलला नाही. शेतीसल्ल्याचा कार्यक्रम होता.

रेडिओवाली (मंगळवार, रात्री ९.१५)

शिवारफेरी, "गावाचं नाव परत एकदा सांगा" हे मी उचलतेय.

सडेतोड, तुमचं बोलणं झोंबलं, पण खोटं नाही. एकच सांगते. अध्यक्ष, ट्रस्टी यांना कार्यक्रम ऐकायला वेळ नसतो. त्यांना कुणीतरी फोन करून सांगतं की "तुमच्या रेडिओवर आमच्याविरुद्ध बोलले", मग ते आम्हाला फोन करतात. म्हणजे अडवणारा बहुतेक वेळा ऐकणारा नसतोच. आणि पैशाचं म्हणाल तर सरकारी जाहिरातीचा दर आता दहा सेकंदांना ७४ रुपये आहे, आधी ५२ होता. तासाला १२ मिनिटं जाहिराती लावता येतात, पूर्वी ७ होती. तेवढ्या जाहिराती मिळाल्या तर! आमच्याकडे गावातलं कापड दुकान आणि एक क्लास, एवढेच नियमित. त्यातल्या क्लासवाल्यांचे मेहुणे नगरसेवक आहेत. आता बोला.

साता समुद्रापार (मंगळवार, रात्री ११.४८)

अमेरिकेतून लिहितोय. इथे कमी शक्तीच्या एफएमचा वर्ग आहे, २००० साली काढलेला. कमाल शक्ती किती? शंभर वॅट. अँटेनाच्या उंचीचा आकडाही साधारण तुमच्याएवढाच, तीस मीटर. म्हणजे यंत्र जवळपास तेच, कायदा वेगळा. आमच्या गावातलं केंद्र एक चर्च आणि काही निवृत्त मंडळी मिळून चालवतात. शाळा मंडळाच्या बैठका अथपासून इतिपर्यंत लावतात. बेक्कार कंटाळवाणं असतं. पण गेल्या साली शाळेच्या बसचा मार्ग बदलायचा ठराव त्या कंटाळ्यातच लोकांच्या कानावर पडला आणि पुढच्या बैठकीला उभं राहायला जागा नव्हती.

जाहिरातीला मात्र इथे सक्त मनाई आहे. देणगीदारांची नावं वाचतात, तेवढंच. त्यामुळे मेहुणे नगरसेवक ही अडचण निदान त्या वाटेने येत नाही.

कृष्णाकाठ (बुधवार, सकाळी ६.४०)

सांगलीकर आहे. आमच्याकडे ऑगस्टमध्ये एकच बातमी असते: आयर्विनला किती फूट?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्याची ३९ आणि ४३. पावसाळ्यात हे आकडे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. ३५ झाली की गावभागातले लोक कपाटं विटांवर चढवतात, ४० झाली की गाड्या उंचावर नेतात. २०१९ ला ५७ च्या वर गेली. आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी. लाईट नाही, मोबाईलची बॅटरी संपलेली, टॉवर बंद. सेलवरचा रेडिओ तेवढा चालू होता. माझ्या सासूबाई तो उशाशी घेऊन बसल्या होत्या.

आता नियमाप्रमाणे बघा. आयर्विनला किती फूट, ही आपत्तीची सूचना, चालते. कोयनेतून किती क्युसेक सोडले, तेही पाटबंधाऱ्याने दिलेलं, चालते. धरणातून आधी का सोडलं नाही, अलमट्टीचं पाणी कुणी का अडवून धरलं, हे विचारलं की चालू घडामोड. पुढे पुराची कारणं शोधायला वडनेरे समिती नेमली, तिने अहवाल दिला, तो सरकारी अहवाल. तो रेडिओवर वाचला तर सूचना की बातमी? वकीलकाका, सांगा.

तिरफळ (बुधवार, सकाळी १०.१०)

गोंयकार. आमच्याकडे ग्रामसभा रविवारी भरते आणि तिथला राडा सोमवारी पेपरात. रेडिओची गरजच काय, असं आधी म्हणणार होतो. पण पेपर वाचणारे आमच्या घरात बाबा एकटेच उरलेत, आणि ग्रामसभेला जाणारेही तेच. त्यामुळे गप्प बसतो.

हिमालयवारी (बुधवार, दुपारी १२.००)

नेपाळचं उदाहरण कुणी दिलं नाही. काठमांडूचा रेडिओ सगरमाथा १९९७ पासून आहे, दक्षिण आशियातला पहिला स्वतंत्र सामुदायिक रेडिओ मानतात. तिथली केंद्रं बातम्या देतात, उघडपणे, रोज. १ फेब्रुवारी २००५ ला राजा ज्ञानेंद्र यांनी सत्ता हातात घेतली तेव्हा एफएमवरच्या बातम्यांवर बंदी आणणं हे पहिल्या कामांपैकी होतं. राजाने जे आणीबाणी म्हणून केलं, ते आपल्याकडे २००६ पासून नेहमीचं धोरण आहे.

पेठेतला पुणेकर (बुधवार, दुपारी १२.२२)

हिमालयवारी, हे वाक्य रेडिओवर लावू नका. चालू घडामोड आहे.

वकीलकाका (बुधवार, रात्री ९.४५)

बंदीला आव्हान दिलेलं आहे. कॉमन कॉज संस्थेने २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, खाजगी एफएम आणि सामुदायिक रेडिओवरच्या बातम्यांची बंदी उठवा म्हणून. पण ताईंना पुढच्या सोमवारी कार्यक्रम करायचाय. न्यायालयाच्या भरवशावर मावशींना थांबवता येणार नाही. म्हणून वेगळी वाट सुचवतो, कृष्णाकाठ यांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

माहिती अधिकार कायदा, २००५. सगळे कलम ६ चा अर्ज करतात, कलम ४ कुणी वाचत नाही. कलम ४(१)(ब) म्हणतं, प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून माहिती जाहीर करायची. त्यात अंदाजपत्रक आलं, योजना, प्रस्तावित खर्च आणि झालेल्या खर्चाचे अहवाल आले, अनुदान योजनांचे लाभार्थी आले. नगरपरिषद हे सार्वजनिक प्राधिकरणच.

पुढे कलम ४(४). ही माहिती स्थानिक भाषेत आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक अशा साधनाने लोकांपर्यंत पोचवायची. खालचं स्पष्टीकरण बघा. माहिती प्रसृत करणे म्हणजे काय? सूचना फलक, वर्तमानपत्रं, जाहीर घोषणा, माध्यमांवरून प्रसारण, इंटरनेट वगैरे. प्रसारण हा शब्द संसदेने घातलाय, आपण नाही.

आणि कलम ४(१)(ड). प्रशासकीय निर्णयांची कारणं बाधित व्यक्तींना द्यायची. ताई, तुम्हाला जो "का" विचारल्यामुळे गप्प केलं, तो "का" सांगणं प्रशासनाचं कर्तव्य आहे. तुम्ही शोधून सांगितलात तर बातमी. प्रशासनाने लेखी दिलं आणि तुम्ही वाचून दाखवलंत तर नागरी सुविधांविषयी स्थानिक प्रशासनाने दिलेली जाहीर माहिती. वडनेरे अहवालालाही हाच न्याय लावता येईल, टीकाटिप्पणी न करता वाचलात तर.

हे शंभर टक्के कवच आहे असं म्हणत नाही. माझं मत आहे, न्यायनिवाडा नाही. पण संस्थेच्या कार्यालयाशी बोलताना तुमच्या हातात कागद असेल.

सडेतोड (बुधवार, रात्री १०.०५)

काका, छान. आता उत्तर काय येणार तेही सांगतो: "सदर काम प्रगतीपथावर असून नियमानुसार कार्यवाही सुरू आहे." वाचा रेडिओवर.

रेडिओवाली (बुधवार, रात्री १०.२०)

वाचीन की! दर सोमवारी वाचीन. तारीख सांगून, तेच वाक्य. आधी मावशींचा आवाज, मग ते वाक्य. पुढच्या सोमवारी पुन्हा मावशी, पुन्हा ते वाक्य. माझा एक शब्द नाही त्यात.

जुना ट्रान्झिस्टर (बुधवार, रात्री १०.३१)

शाब्बास. आमच्या नोकरीत हे सुचलं असतं तर बदली झाली असती, पण मजा आली असती.

शिवारफेरी (गुरुवार, सकाळी ७.००)

अजून तीन ठिकाणं ऐकून ठेवा. तेलंगणात झहीराबादजवळ संघम रेडिओ आहे, दलित बायका चालवतात. त्यांचा स्टुडिओ नव्वदच्या दशकाअखेर तयार होता, परवाना आला २००८ मध्ये. मधली वर्षं त्यांनी कॅसेटवर रेकॉर्ड करून गावच्या बैठकांत लावलं. कर्नाटकात कोलार जिल्ह्यात बुदिकोटेला नम्म ध्वनी, त्यांनी टीव्हीच्या केबलमधून आवाज घराघरात नेला. आणि छत्तीसगडमध्ये सीजीनेट स्वरा, २०१० पासून. तिथे रेडिओच नाही. फोन करायचा, आपल्या बोलीत बातमी सांगायची, बाकीच्यांनी फोनवरच ऐकायची. सांगणारा शेवटी संबंधित अधिकाऱ्याचा फोन नंबर देतो, ऐकणारे त्या साहेबांना फोन लावतात. परवान्याचा प्रश्नच नाही.

ताईंच्या टेकडीपलीकडच्या वाड्यांना यूट्यूबची लिंक नको, एक फोन नंबर द्या. म्हातारी माणसं लिंक उघडत नाहीत, फोन मात्र लावतात.

साता समुद्रापार (गुरुवार, सकाळी ७.४०)

फोन नंबरची कल्पना भारी. वाचनखूण साठवली.

सडेतोड (गुरुवार, दुपारी १.१५)

माझा मूळ आक्षेप मागे घेत नाही. मालक कोण हा प्रश्न राहतोच. पण ताई, एक करा. निम्म्या महिलांची ती आशय समिती खरोखरची बैठकीला बसवा. भाजीवाल्या मावशींना तिच्यात घ्या. कार्यालयातून फोन आला की म्हणा, समितीत मांडा, इतिवृत्तात लिहू. फोनवर गप्प बसवणं सोपं असतं, इतिवृत्तात सही करून गप्प बसवायला कुणी पुढे येत नाही.

रेडिओवाली (शनिवार, रात्री ९.००)

उशीर झाला, लग्नसराई आणि दोन दिवस लाईट नाही.

समितीची बैठक घेतली. मावशी आल्या, भाजीची टोपली दाराशी ठेवून. अंगणवाडी सेविका, एक निवृत्त शिक्षक, आमचे कार्यालयीन अधीक्षक. अधीक्षकांनी परवाना काढला. मी धोरणातला तो सूचनांचा मुद्दा आणि माहिती अधिकाराचं कलम ४ मराठीत छापून नेलं होतं. त्यांनी दोन्ही वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "मग प्रश्न तुम्ही विचारायचा नाही. अर्जात विचारा, उत्तर वाचा." म्हटलं, चालेल. इतिवृत्तात तेच लिहिलं.

अर्ज तीन दिले आहेत. जलवाहिनीच्या दुरुस्तीची मंजुरी, झालेला खर्च, आणि पाणी तपासणीचे अहवाल. तीस दिवस वाट बघायची. तोपर्यंत सोमवारी लोकांचे आवाज लावणार, निवेदन नाही. गावाचं नाव तेवढं परत एकदा विचारणार.

वकीलकाका (शनिवार, रात्री ९.२५)

उत्तम. तीन व्यवहारी गोष्टी. अर्जाची पोच घ्या, आवक क्रमांकाचा शिक्का उठलेला बघा. प्रक्षेपणाची रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवायची अट आहे, ती तुमच्याच बाजूने उपयोगी पडते, पुसू नका. आणि उत्तर नाही आलं तर तीस दिवसांनी प्रथम अपील करा. अपील केल्याची तारीख रेडिओवर सांगायला हरकत नाही.

पेठेतला पुणेकर (शनिवार, रात्री ९.४०)

आमच्या सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त कुणी रेडिओवर वाचेल काय? मानधन देऊ.

कृष्णाकाठ (रविवार, सकाळी ६.१५)

पुणेकर, तुम्ही शंभर वॅटच्या टापूच्या बाहेर आहात. ताई, उत्तर आलं की इथे टंका. पहिली ओळ काय असेल यावर सडेतोड यांच्याशी चहाची पैज लावतेय.

सडेतोड (रविवार, सकाळी ८.००)

"सदर" ने सुरुवात. पैज मंजूर.